उबुंटूवर रिमोट डेस्कटॉप: बाबांचा लॉगिन होतो, माझा होत नाही

सांगलीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. सांगलीला घरी एक डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २२.०४ (लिनक्स), नेहमीचा ग्नोम डेस्कटॉपवाला. बाबा रोज वापरतात. त्यावर माझाही युजर आहे, आणि सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) फक्त मलाच आहे. दिवाळीत गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याने मशीन फॉरमॅट करून दिलं तेव्हा एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आरडीपीने, लिनक्सवर लॉगिन करू देणारा प्रोग्राम) पण त्यानेच टाकून दिलं. आता मला पुण्याहून विंडोज लॅपटॉपवरून त्या मशीनवर लॉगिन करायचंय, स्क्रीनसकट, नुसतं टर्मिनल नाही.

गंमत अशी की बाबांचं युजरनेम टाकलं की डेस्कटॉप उघडतो (बाबा लॉगआउट असतील तर), पण माझं टाकलं की निळ्या खिडकीत 'लॉगिन फेल्ड फॉर डिस्प्ले झीरो' येऊन थांबतं. पासवर्ड बरोबर आहे, कारण त्याच पासवर्डने एसएसएच (लांबून टर्मिनल) होतंय. मशीन टेलस्केलवर (खाजगी व्हीपीएन) आहे, त्यामुळे राउटर वगैरे मध्ये नाही. परमिशनचा काहीतरी घोळ वाटतोय पण नेमका कुठे ते कळत नाहीये, कोणी सांगेल का?

बिनतारी

एवढा कुटाणा कशाला, एनीडेस्क टाका न् मोकळे व्हा.

सांगलीकर_पुण्यात

एनीडेस्कला पलीकडे कोणीतरी लॉगिन होऊन बसलेलं लागतं, निदान मी वापरलं तेव्हा तरी तसंच होतं. मला बाबा झोपलेले असताना माझ्या युजरने काम करायचंय.

उंदीरमांजर

सेसमन.आयएनआय (एक्सआरडीपीची सेटिंग फाइल) मध्ये 'अलाउ रूट लॉगिन' ट्रू करा आणि सरळ रूटने (सर्वाधिकारी युजर) आत जा. नाहीतर एक्सआरडीपीच्या अख्ख्या फोल्डरला चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारा, माझं एकदा असंच चालू झालं होतं.

शेलवाली

उंदीरमांजर, अहो काय सांगताय. ७७७ मारल्यावर जे चालू होतं ते नेमकं कशामुळे झालं हे नंतर कधीच कळत नाही, आणि त्या फोल्डरमध्ये की-फाइल असते, ती सगळ्यांना लिहिता-वाचता यायला लागली तर टीएलएसला (कनेक्शनच्या एन्क्रिप्शनला) काय अर्थ राहिला? आणि रूटने डेस्कटॉप चालवायचा म्हणजे ब्राउझरही रूटने चालणार. नको.

सांगलीकर, आधी काहीही बदलू नका. एसएसएच आहे ना, मग दोन टर्मिनल उघडा. व्हार-लॉग मध्ये दोन फाइली असतात, एक एक्सआरडीपी.लॉग आणि दुसरी एक्सआरडीपी-सेसमन.लॉग. दोन्हीवर सुडोने टेल मायनस एफ (नवीन ओळी लगेच दाखवतं) लावून ठेवा आणि मग लॅपटॉपवरून लॉगिन मारा. पहिली फाइल कनेक्शनची आहे, नेटवर्क, टीएलएस, ती निळी खिडकी. दुसरी युजरला आत घ्यायचं की नाही आणि त्याचं सेशन सुरू झालं की नाही याची. तुमची निळी खिडकी येतेय म्हणजे पहिला दरवाजा उघडाच आहे, घोळ दुसरीत सापडेल. 'ऑथफेल' अशी ओळ आली तर पासवर्ड किंवा पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा). दुसरं काही आलं तर जसंच्या तसं इथे टाका (आयपी आणि युजरनेम काढून).

आणि एक साधी गोष्ट, कनेक्ट करायच्या आधी विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा. मराठीवर राहिला असेल तर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, आत काय टाइप झालंय ते कळत नाही.

सांगलीकर_पुण्यात

कीबोर्ड इंग्रजीच आहे. लॉगमध्ये ऑथफेल नाहीये. हे आलंय: 'युजरनेम ओके बट ग्रुप प्रॉब्लेम फॉर युजर' आणि पुढे माझं नाव. ग्रुप प्रॉब्लेम म्हणजे काय, मी तर सुडो ग्रुपमध्ये आहे की.

कर्नलपॅनिक

सापडलं. सुडो ग्रुपचा याच्याशी काही संबंध नाही.

एटीसी-एक्सआरडीपी फोल्डरमधली सेसमन.आयएनआय उघडा आणि 'सिक्युरिटी' विभाग बघा. तिथे 'टर्मिनल सर्व्हर युजर्स' समोर टीएसयुजर्स असं लिहिलेलं असेल आणि 'ऑलवेज ग्रुप चेक' फॉल्स असेल. हे जसं येतं तसंच आहे, कोणी बदललेलं नाही. याचा अर्थ असा, की मशीनवर टीएसयुजर्स नावाचा ग्रुप नसेल तर ज्याचा पासवर्ड बरोबर तो आत, पण ग्रुप असेल तर फक्त त्या ग्रुपातले आत. म्हणजे रिकामा ग्रुप जरी कोणी बनवला तरी त्या क्षणापासून सगळ्यांना दार बंद. तुमच्या त्या कॉम्प्युटरवाल्याने कुठलं तरी ट्यूटोरियल बघून ग्रुप बनवला असणार आणि त्यात फक्त बाबांना टाकलं असणार.

बघायला: गेटएंट ग्रुप टीएसयुजर्स. शेवटी कोलननंतर नावं दिसतील.
घालायला: सुडो जीपासडब्ल्यूडी मायनस ए, मग तुमचं युजरनेम, मग टीएसयुजर्स.

(कमांड ऐकू येतात तशा लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये, सगळी अक्षरं लहान.)

ग्रुप उडवून टाकलात तरी चालेल, पण मी म्हणेन ठेवा. घरच्या मशीनवर पाहुण्यांसाठी, पोरांसाठी असे युजर असतात आणि त्यांचे पासवर्ड एक दोन तीन चार असतात, त्यांना बाहेरून दार नसलेलंच बरं.

सांगलीकर_पुण्यात

कर्नलसाहेब, अगदी तेच! ग्रुपात फक्त बाबा होते. स्वतःला घातलं आणि रीस्टार्ट वगैरे न करता लगेच आत गेलो, खूप आभार.

पण आता दुसरंच सुरू झालंय. आत गेल्या गेल्या एक खिडकी येते, 'ऑथेंटिकेशन इज रिक्वायर्ड टू क्रिएट अ कलर मॅनेज्ड डिव्हाइस', पासवर्ड मागते. कॅन्सल केलं की परत येते. मग थोड्या वेळाने 'रिफ्रेश द सिस्टिम रिपॉझिटरीज' म्हणून अजून एक. दुसरी हार्डडिस्क उघडायला गेलो तर तिथेही पासवर्ड. घरी मशीनसमोर बसून याच युजरने लॉगिन केलं तर यातलं काही विचारत नाही. तोच मी, तोच पासवर्ड, मग मशीनला माझा भरवसा का नाही?

आणि दुसरं, बाबा समोर बसलेले असताना बाबांच्या युजरने बाहेरून आत गेलो तर काळी स्क्रीन, आणि दोन सेकंदांत खिडकी बंद.

कर्नलपॅनिक

एकेक घेऊ. आधी पासवर्डच्या खिडक्या, कारण 'परमिशन' म्हणून जे जे त्रास रिमोट डेस्कटॉपमध्ये होतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे आहे.

लिनक्समध्ये तुम्ही कोण आहात एवढंच बघत नाहीत, तुम्ही कुठे बसला आहात हेही बघतात. सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) लॉगिनडी म्हणून एक भाग आहे, तो प्रत्येक सेशनची नोंद ठेवतो. मशीनला लागलेला मॉनिटर, कीबोर्ड, माउस मिळून एक 'सीट', तिचं नाव सीटझीरो. जो समोर बसून लॉगिन करतो त्याचं सेशन त्या सीटवर असतं आणि 'ॲक्टिव्ह' धरलं जातं. एक्सआरडीपीने आलेल्याला सीटच नसते. लॉगिनसीटीएल नुसतं टाकून बघा, बाबांच्या ओळीत सीटझीरो दिसेल आणि तुमच्या ओळीत तो रकाना रिकामा.

आता पोलकिट, कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारा भाग. यूएसबी माउंट करणं, कलर प्रोफाइल, अपडेटची यादी, बंद-चालू करणं, अशा प्रत्येक कामाचा त्यात एक नियम असतो आणि प्रत्येक नियमात तीन उत्तरं असतात: सीटवर ॲक्टिव्ह असलेल्याला काय, सीटवर असून इनॲक्टिव्ह असलेल्याला काय, आणि बाकी कोणालाही काय. बऱ्याच कामांना पहिल्याला 'हो' आणि तिसऱ्याला 'अ‍ॅडमिनचा पासवर्ड आण' असं असतं. तुम्ही पुण्याहून आलात की तिसऱ्या रांगेत. दुकानात समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला वाणी उधार देतो, फोनवरून त्याच नावाने कोणी मागितलं तर नाही देत, तसं आहे. बग नाहीये हा, मुद्दाम केलंय, आणि माझ्या मते बरोबर केलंय. लांबून कोणीतरी लॉगिन करून घरच्यांनी लावलेला पेनड्राइव्ह उघडावा किंवा आवाज ऐकावा हे आपोआप होऊ नये.

आवाजावरून, साउंड कार्ड आणि ग्राफिक कार्डच्या डिव्हाइस फाइलींवरही तेच असतं. सीटवर बसलेल्याला लॉगिनडी त्या त्या वेळेपुरती परवानगी चिकटवतो, रिमोटवाल्याला नाही. म्हणून लोक विचारत असतात की मी समोर बसलो की सगळं चालतं आणि लांबून 'परमिशन डिनाइड' का.

आता उपाय. २२.०४ वर पोलकिट जुना आहे, ०.१०५, त्याला पीकेएलए फाइल (नियमांची साधी टेक्स्ट फाइल) लागते. एटीसी, पोलकिट-१, लोकलअथॉरिटी, ५०-लोकल.डी, या फोल्डरात ४५-अलाउ-कलर.पीकेएलए अशी फाइल करा. आत चौकटी कंसात काहीही नाव, खाली आयडेंटिटी म्हणून युनिक्स-युजर कोलन आणि तारा, ॲक्शन म्हणून ओआरजी.फ्रीडेस्कटॉप.कलर-मॅनेजर.क्रिएट-डिव्हाइस (त्याच कलर-मॅनेजरच्या क्रिएट-प्रोफाइल, डिलीट-डिव्हाइस, मॉडिफाय-डिव्हाइस वगैरे भावंडांसकट, मध्ये अर्धविराम), मग रिझल्ट-एनी नो, रिझल्ट-इनॲक्टिव्ह नो, रिझल्ट-ॲक्टिव्ह यस. 'नो' का, तर लांबून आलेल्याला त्या मॉनिटरच्या रंगाशी काय करायचंय? नकार गपचूप जातो, खिडकी येत नाही, कोणाचं नुकसान नाही. रिपॉझिटरीवाल्याला पॅकेजकिटची सिस्टिम-सोर्सेस-रिफ्रेश ही ॲक्शन आहे, तिथे मी रिझल्ट-एनी यस देतो, पण तारा न लावता फक्त माझ्या युजरला.

पुढे २४.०४ वर गेलात तर हीच फाइल चालेल असं धरू नका, तिथला नवा पोलकिट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले नियम वाचतो, पोलकिट-१ खालच्या रूल्स.डी फोल्डरातले. नेटवरची निम्मी उत्तरं जुन्या पद्धतीची आहेत आणि लोक फाइल ठेवून वाट बघत बसतात.

शेलवाली

हार्डडिस्कचं माझ्याकडून. पोलकिटच्या खिडकीत 'डिटेल्स' असेल तर ॲक्शनचं नाव तिथे दिसतं, यूडिस्क्स२ चं (डिस्क जोडणारी सर्व्हिस) काहीतरी असेल, शेवटी 'सिस्टिम' किंवा 'अदर-सीट'. त्याला सूट देता येते, पण ती सूट तशा प्रत्येक डिस्कला लागू व्हायची. डिस्क कायमची मशीनच्या आतच असेल तर सरळ एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) टाका ना, यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) लावून, आणि 'नोफेल' लिहायला विसरू नका, नाहीतर डिस्क मेली त्या दिवशी मशीन बूट होताना अडकेल आणि तुम्ही पुण्यात.

जुना_खोडरबर

मध्येच घुसतोय पण माझंही असंच आहे म्हणून इथेच विचारतो. डेबियन आहे, ग्रुपचा प्रॉब्लेम नाही, पासवर्ड घेतो आणि मग 'ओन्ली कन्सोल युजर्स आर अलाउड टू रन द एक्स सर्व्हर'. होमवाल्या फोल्डरात मालकी वगैरे सगळी बघितली.

शेलवाली

खोडरबर, तुमच्याकडे एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी हे पॅकेज असणार. ते एक्सऑर्गच्या (स्क्रीन दाखवणारा एक्स सर्व्हर) पुढे एक रखवालदार बसवतं आणि तो एटीसी-एक्स११ मधली एक्सरॅपर.कॉन्फिग वाचतो, तिथे 'अलाउड युजर्स' समोर कन्सोल असतं. बरेच जण त्याचं एनीबडी करतात, चालतं, पण त्याने मशीनवरच्या सगळ्यांनाच मोकळीक मिळते. त्यापेक्षा सेसमन.आयएनआयच्या 'एक्सऑर्ग' विभागात पहिला पॅरॅम नुसता एक्सऑर्ग असेल तर तिथे खऱ्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या, यूएसआर-लिब-एक्सऑर्ग-एक्सऑर्ग, म्हणजे रखवालदाराला वळसा. आणि ते पॅकेज कशाला लागत नसेल तर काढूनच टाका.

होम फोल्डरची मालकी बघितलीत ते चांगलं केलंत. कधीतरी कोणीतरी सुडो लावून स्टार्टएक्स केलेलं असतं आणि डॉट-एक्सऑथॉरिटी रूटच्या नावावर जाते, मग तो युजर ना समोरून आत जातो ना लांबून.

जुना_खोडरबर

पॅकेजच होतं. काढलं, सुरू झालं. 🙏

कर्नलपॅनिक

आता सांगलीकरांची काळी स्क्रीन. ग्नोमला एकाच युजरची दोन ग्राफिकल सेशन्स एकाच वेळी झेपत नाहीत. सिस्टिमडीची युजर सर्व्हिस आणि तिची डी-बस (प्रोग्रामनी आपापसात बोलायची वाट) युजरमागे एकच असते, बाबा समोर बसलेत म्हणजे ती त्यांच्या सेशनला बांधलेली, तुमचं नवीन सेशन तिलाच जाऊन चिकटतं, तिथे ग्नोम आधीच चालू असतो, मग हे मरतं. उपाय म्हणून सगळीकडे सापडेल की एटीसी-एक्सआरडीपी मधल्या स्टार्टडब्ल्यूएम.एसएच मध्ये, शेवटच्या टेस्ट आणि एक्झेकच्या ओळींच्या वर, दोन अनसेट टाका: डीबस-सेशन-बस-ॲड्रेस आणि एक्सडीजी-रनटाइम-डिर. (ही व्हेरिएबलची नावं कॅपिटलमध्ये, मध्ये अंडरस्कोर.) त्याने डेस्कटॉप येतो. पण फायरफॉक्स म्हणणार की मी आधीच चालू आहे, कीरिंग (साठवलेल्या पासवर्डची तिजोरी) गोंधळणार, आणि दोघे एकच फाइल उघडून बसलात तर जो शेवटी सेव्ह करेल त्याचं खरं.

पण मला सांगा, बाबांच्या युजरने तुम्हाला जायचंच का आहे?

सांगलीकर_पुण्यात

बाबांचा फोन येतो ना, 'अरे ते प्रिंट कुठे गेलं', 'अरे अक्षरं बारीक झाली'. तेव्हा त्यांना काय दिसतंय ते बघायचं असतं.

शेलवाली

मग एक्सआरडीपी त्याचं उत्तरच नाही! एक्सआरडीपी तुम्हाला वेगळा, नवा डेस्कटॉप देतं, बाबांसमोरचा नाही. अनसेट करून आत गेलात तरी त्यांच्या स्क्रीनवर काय चाललंय ते दिसणार नाही आणि तुम्ही हलवलेला माउस त्यांना दिसणार नाही.

त्यासाठी ग्नोमचंच शेअरिंग वापरा. सेटिंग्ज, शेअरिंग, रिमोट डेस्कटॉप, बाबांच्या लॉगिनमध्ये बसून चालू करायचं, 'रिमोट कंट्रोल'ही. हेही आरडीपीच आहे, ग्नोम ४२ पासून, विंडोजचा तोच क्लायंट चालतो. तीन गोष्टी सांभाळा. एक, त्याचा युजरनेम-पासवर्ड वेगळा असतो, लिनक्सचा नाही, तिथेच खाली दिसतो. दोन, तो पासवर्ड कीरिंगमध्ये राहतो, त्यामुळे बाबांना ऑटोमॅटिक लॉगिन लावलेलं असेल तर कीरिंग कुलूपबंद राहतं आणि बाहेरून घेतच नाही, आणि लोकांना वाटतं परमिशन गेली. तीन, त्यालाही पोर्ट ३३८९ च हवा असतो आणि एक्सआरडीपीलाही. दोन्ही हवेत तर एक्सआरडीपी.आयएनआय मध्ये पोर्ट बदलून ३३९० वगैरे करा आणि क्लायंटमध्ये पत्त्यापुढे कोलन लावून तो नंबर द्या.

सांगलीकर_पुण्यात

ऑटो लॉगिन आहेच! पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो त्यांना. ते बंद करायला त्यांना पटवणं हे एफएसटॅबपेक्षा अवघड आहे.

आठवले_तर_सांगतो

पटवू नका. सीहॉर्स (पासवर्ड्स अँड कीज) उघडून लॉगिन कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा, मग ऑटो लॉगिनला ते उघडंच राहतं. ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड साठवत असतील तर मात्र विचार करा, ते उघड्यावर येतील.

आणि मशीन झोपतं का ते बघा. पॉवर सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असतो तो लावा. आमच्याकडे जतला लाइट गेली की मशीन जे बंद पडायचं ते कोणी बटण दाबेपर्यंत, आणि मी बेंगळुरूत लॉग शोधत बसायचो.

बिनतारी

ते टेलस्केल कशाला पण? राउटरवर ३३८९ फॉरवर्ड केला की झालं.

कर्नलपॅनिक

दोन कारणं. बऱ्याच घरगुती कनेक्शनना आता स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, सीजीनॅटच्या (अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी) मागे असतात, राउटरवर डब्ल्यूएएनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला की समजायचं, फॉरवर्ड करून काही होणार नाही. आणि पब्लिक आयपी असला तरी ३३८९ उघडा टाकू नका. सगळ्या इंटरनेटवर तो पोर्ट शोधत बॉट फिरत असतात, उघडा ठेवा आणि सेसमनच्या लॉगमध्ये ऑथफेल मोजत बसा. एसएसएचचा बोगदा करा, वायरगार्ड करा, टेलस्केल करा, काहीही, पण दार घराच्या आतच राहू द्या.

सांगलीकर, यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू असेल तर आरडीपीचे दोन्ही पोर्ट फक्त टेलस्केल०, म्हणजे टेलस्केलच्या इंटरफेसवरच अलाउ करा. आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनची 'की एक्स्पायरी' बंद करा. ती एरवी १८० दिवसांनी संपते, आणि नेमकी तुम्ही सांगलीत नसताना संपते.

सांगलीकर_पुण्यात

अपडेट देतो. पीकेएलए फाइली टाकल्या, खिडक्या गेल्या. डिस्क एफएसटॅबमध्ये, नोफेलसकट. एक्सआरडीपी ३३९० वर हलवलं, बाबांचं शेअरिंग ३३८९ वर. कीरिंग रिकामं केलं, ते ब्राउझरमध्ये काही साठवत नाहीत, डायरीत लिहितात. स्टार्टडब्ल्यूएमला हात लावलाच नाही. काल फोन आला, प्रिंट पीडीएफमध्ये जात होतं, त्यांच्यासमोरच माउस हलवून प्रिंटर बदलून दिला. ते म्हणाले आधी सांगत जा, घाबरलो ना.

मोगरा_२२

धागा मस्त, वाचनखूण साठवली. मी उबुंटू २५.१० टाकलंय, एक्सआरडीपीने पासवर्ड घेतला की स्क्रीन येऊन लगेच जाते. ग्रुप नाही, दुसरीकडे लॉगिनही नाही. हेच का?

शेलवाली

हे वेगळं. २५.१० मध्ये ग्नोमचं एक्सऑर्गवालं सेशनच काढून टाकलंय, आता फक्त वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेलं). एक्सआरडीपी एक्सऑर्गवर चालतं, त्यामुळे सुरू करायला त्याला ग्नोम सापडतच नाही. दोन रस्ते. एक्सआरडीपीच हवं असेल तर एक्सएफसीई (दुसरा, हलका डेस्कटॉप) टाका आणि तुमच्या होममध्ये डॉट-एक्ससेशन नावाची फाइल करून त्यात स्टार्टएक्सएफसीई४ एवढंच लिहा. नाहीतर एक्सआरडीपी काढा आणि ग्नोमचं स्वतःचं 'रिमोट लॉगिन' वापरा, सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉपमध्ये दुसरा टॅब. ग्नोम ४६ पासून आलंय, समोर कोणी लॉगिन नसतानाही आत जाता येतं. तिथे दोनदा पासवर्ड लागतो, आधी त्या टॅबवर ठेवलेला, मग नेहमीच्या लॉगिन स्क्रीनवर तुमचा स्वतःचा. पहिला चुकला तर लॉगिन स्क्रीनही दिसत नाही, तेव्हा सेसमनचा लॉग उघडू नका, तो तिथे नसतोच. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टिमचे लॉग) ग्नोम-रिमोट-डेस्कटॉप शोधा.

मोगरा_२२

एक्सएफसीईने झालं. ग्नोमवालं रविवारी बघते.